सव्वा महिन्यानंतर

विंचूर म्हटलं की नाशिककडच्या माणसाला कांदा आठवतो. इतिहासाची आवड असणाऱ्याला सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर आठवतात, पानिपतावरून जिवंत परतलेले. हल्ली मुंबई-पुण्याच्या गाड्या तीनपाटीवर थांबून वाइन पार्कचा रस्ता विचारतात. ते सरदार मोहिमेवर असताना वाड्यातल्या बायका दिवस कसे काढत असतील, हे कुठल्या बखरीत आलेलं माझ्या तरी वाचनात नाही. पण मी या गावात लग्न होऊन आल्यापासून हा प्रश्न मला अधूनमधून पडतो, कारण माझा नवराही बहुतेक वेळ मोहिमेवरच असतो. मोहीम द्राक्षाची आणि कांद्याची, एवढाच फरक.

मी गावात राहत नाही, मळ्यात राहते. मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि मुलगा सव्वा वर्षाचा. घरात एकूण सात माणसं. म्हणून मी "करमत नाही" म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. सात माणसांच्या घरात करमत नाही? पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारी माझी कॉलेजातली मैत्रीणही हसली होती. तिच्या घरात तीन माणसं, त्यातलं एक आठ महिन्यांचं, आणि करमत तिलाही नाही. पण तिचं दुःख लोकांना लगेच कळतं. फ्लॅट, बंद दार, ओळख नसलेले शेजारी, असं तिचं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तयार असतं. माझ्या घराचं चित्र तयार नाही. लोकांच्या मनात अजून एकत्र कुटुंब, अंगणात खेळणारी पोरं आणि ओसरीवर माळ ओढत बसलेली सासू आहे.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, ओसरीवर बसत नाहीत. त्या सकाळी नऊच्या आत मजुरांबरोबर बागेत असतात. सासरे कांद्याच्या चाळीकडे नाहीतर बाजार समितीत. दीर दिवसभर कामावर. हे पहाटे फवारणीला गेलेले असतात, नाश्त्याला येतात आणि परत जातात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या सात माणसांच्या घरात मी, दोन पोरं आणि एक कुत्रा असतो. एकत्र कुटुंब आमच्याकडे आहे, पण ते रात्रीच्या जेवणाला भरतं.

मळा म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला थोडं सांगायला हवं. निफाड तालुक्यात विहिरी झाल्या, मोटारी आल्या, मग द्राक्षबागा आल्या. द्राक्ष हे गावात राहून करायचं पीक नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली की रोज बागेत काहीतरी असतंच. फवारणी, विरळणी, घड औषधात बुडवणं. थंडीच्या लाटेत पहाटे उठून शेकोट्या पेटवायच्या. इथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं तापमान थंडीत वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतं, ती थंडी आमच्या घरात राहते. मग माणसं घर बागेजवळच बांधतात. भाऊ विभक्त झाले की प्रत्येकाच्या हिश्शात एकेक स्लॅबचं घर उभं राहतं. माझ्या चुलत जाऊबाईंचं घर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. मधे दुसऱ्याची बाग आहे, तिला तारेचं कुंपण आहे, आणि पावसाळ्यात बांधावर घोट्याएवढा चिखल असतो. कडेवर एक आणि बोटाला एक घेऊन तिथवर जायचं म्हणजे कामच.

संध्याकाळनंतर तर तोही प्रश्न नाही. उसात आणि बागांत बिबट्या फिरतो. गोदाकाठच्या आमच्या पट्ट्यात ही ऐकीव भीती नाही, दर थोड्या दिवसांनी कुणाचं तरी वासरू जातं. शेतीची वीज रात्रपाळीची असली की हे बॅटरी घेऊन पाणी भरायला जातात, आणि मी दाराला कडी लावून, धाकट्याला थोपटत, मोटारीचा आवाज ऐकत जागी राहते. मोटार चालू आहे म्हणजे नवरा ठीक आहे.

दिवसा माणसं येतातच. औषधाच्या दुकानाचा पोऱ्या, दूधवाला, ट्रॅक्टर मागायला आलेला कुणी. सगळ्यांचा प्रश्न एकच, "दादा आहेत का?" पाहुणे आले तर ते बाळाबद्दल विचारतात. दूध पितं का, रात्री झोपतं का, रंग कुणाचा घेतलाय. मी बीएस्सी रसायनशास्त्र केलंय. फवारणीच्या बाटलीवरची बारीक अक्षरं घरात मीच वाचून सांगते. पण पोरं झाल्यापासून माझं स्वतःचं काही मत असेल, निदान झोप झाली का हा प्रश्न मलाही विचारता येईल, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. एकटं वाटतं ते यामुळे. घरात माणसं किती याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. दळणाऱ्या बायका जात्याशी, भावाशी, विठ्ठलाशी, लेकीशी बोलत असत हे त्यातून दिसतं. नवऱ्याला किंवा सासूला जे सांगता येत नव्हतं, ते बाई दगडाला सांगत होती. पण माझ्या आजीला मी हे कौतुकानं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हात मोडायचे गं. गिरणी आली त्या दिवशी मी गिरणीला नारळ फोडला." तेव्हा जुन्या कष्टांचे गोडवे मी गाणार नाही. गिरणी आली, नळ आला, गॅस आला, बरंच झालं. फक्त एक गोष्ट त्याबरोबर गेली आणि तिचा हिशेब कुणी ठेवला नाही. पाणवठ्यावर, दळणाला, सरपणाला जाणं म्हणजे घराबाहेर पडायचा परवाना होता. तिथं दुसऱ्या बाया भेटत आणि पोरं आपापसात खेळत. आता सगळं घरात आलंय, त्यामुळे बाईला बाहेर जायला कारणच उरलेलं नाही. नव्या घरांत आटाचक्कीही स्वयंपाकघरातच आहे.

आता मुद्द्याचं. बाळंतिणीची काळजी घेण्यात आपल्या माणसांनी कधी हात आखडता घेतलेला नाही. माझं पहिलं बाळंतपण माहेरी, सिन्नर तालुक्यात झालं. सव्वा महिना माझे पाय जमिनीला लागू दिले नाहीत. मालीश करायला बाई येई, मग कढत पाणी, ओवा-शेपेची धुरी, शेगडी. कानाला फडकं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी आणि लसूण. आई उशाशी झोपायची, रात्री बाळ रडलं की तीच उठायची. आशाताई ठरल्या दिवशी यायच्या.

आशाताईंचे ते दिवस ठरलेले का असतात, हे मला नंतर कळलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली. बाळांचे मृत्यू त्यानं खूप कमी झाले, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पुढे तीच पद्धत देशभरच्या आशांच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येते. बाळाचं वजन, ताप, श्वास बघते. आईला रक्तस्राव किती, ताप आहे का, दिवसातून किती वेळा जेवते, असंबद्ध बोलते का, हेही तिच्या फॉर्मवर असतं.

बेचाळिसावा दिवस म्हणजे जवळपास सव्वा महिनाच. आजीचा रिवाज आणि सरकारचा फॉर्म दोघंही साधारण एकाच आठवड्यात थांबतात. त्यानंतर आशा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात येते, पण तेव्हा बाळाचा वरचा आहार, वजन, लसी यांवर भर असतो. रिवाज तर पूर्णच संपतो. शेगडी विझते, मालीशवाली दुसऱ्या घरी जाते. मग तिसऱ्या नाहीतर पाचव्या महिन्यात बाळंतविडा, पाळणा, झबली-टोपडी घेऊन लेक सासरी येते. दुसरं बाळंतपण सासरीच झालं तर तेही नाही. सव्वा महिना झाला की न्हाऊन सरळ चुलीपुढे.

गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गरोदर बायकांपासून सुरुवात करून एक अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी, म्हणजे बरोबर सव्वा महिना सरल्यावर, त्यांनी या आयांची विचारपूस केली तेव्हा २३ टक्के आयांना नैराश्याचा आजार होता. त्यातल्या बहुतेकींना गरोदरपणातच त्रास सुरू झालेला होता. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही मोठी कारणं होती, आणि त्यात मुलगी झाली की भर पडत होती. २०१७ मध्ये देशभरातले ३८ अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा २२ टक्के आला. म्हणजे बारशाला जमलेल्या पाच तरुण आया मोजल्या तर त्यातली एक.

एकटं वाटणं आणि हा आजार एकच नाहीत, हे सांगणं फार गरजेचं आहे, कारण आमच्याकडे दोन्हींना एकाच पोत्यात घालतात आणि वर "दृष्ट लागली" अशी चिठ्ठी चिकटवतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात उगीच रडू येणं हे फार जणींना होतं आणि दोनेक आठवड्यांत आपोआप जातं. मला जे होत होतं ते एकटेपण होतं. कुणी मनापासून तासभर बोललं की मी ताळ्यावर यायचे. पण बाळ झोपलं तरी आईला झोप येत नसेल, जेवणाची चव गेली असेल, कुणाशी बोललं तरी मन उभारी धरत नसेल, आपण आई म्हणून कुचकामी आहोत असं सतत वाटत असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, तर तो आजार आहे. तो औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येत असतील, किंवा आई भलतंच बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. भगताकडे गेलेला दिवस वाया जातो, आणि अशा वेळी एकेक दिवस महत्त्वाचा असतो. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथे फोन फुकट लागतो, रात्री-बेरात्री लागतो, आणि मराठीत बोलता येतं. माझ्या फ्रिजवर तो गॅसवाल्याच्या नंबराखाली लिहिलेला आहे.

आजार नसेल आणि नुसतं एकटेपण असेल, तर त्यावर गोळी नाही. मोबाइल आहे, असं लोक म्हणतात. मोबाइल मीही पाहते, धाकटा अंगावर पीत असताना एका हातानं. त्यात दुसऱ्यांच्या बाळांची फोटो काढण्याजोगी घरं दिसतात. बघून झाल्यावर आपली फरशी जास्त मळकी वाटते. माझं मत असं की मोबाइल वेळ घालवतो, एकटेपण घालवत नाही.

आमच्याकडे जे जमलं ते सांगते. त्याची सुरुवात कुरडयांनी झाली. खेड्यातल्या बाईला नुसतं बसायला दुसऱ्याच्या घरी जाता येत नाही. "कुठं चाललीस?" या प्रश्नाला कामाचं नाहीतर देवाचं उत्तर लागतं. बचत गटाची सभा महिन्यातून एकदा होते, पण तिथं हप्ता, सही आणि घरी पळ. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला हिंडायची मुभा असते, ते दिवस मला दिवाळीहून आवडतात. पण बाकीचं वर्ष? मार्चमध्ये गहू भिजत घातला तेव्हा मी चुलत जाऊबाईंना म्हटलं, यंदा चीक एकत्र शिजवू, माझ्या अंगणात. तीन दिवस भिजलेला गहू, वाटून काढलेला चीक, मोठं पातेलं. हे काम एकटीनं होतच नाही, म्हणून कुणाच्या घरून हरकत आली नाही. पलीकडच्या वस्तीवरच्या दोघी आल्या. सगळ्यांची पोरं मिळून सहा-सात. आम्ही खाटेवर कुरडया घालत होतो आणि पोरं कांद्याच्या रिकाम्या गोण्यांत शिरून धावत होती. त्या दुपारी माझ्या मुलीनं मला एकदाही "आई, मी काय करू?" विचारलं नाही. मूलही घरात एकटंच असतं, हे मला त्या दिवशी नीट दिसलं.

कुरडया संपल्या, पापड संपले, मग पंचाईत आली. आता काय निमित्त? तेव्हा गोधडी निघाली. जुनी लुगडी, शर्ट, फाटक्या साड्या प्रत्येक घरात असतात. गोधडी शिवायला चार हात लागतात, ती अंगणात पसरावी लागते, आणि मुख्य म्हणजे लवकर संपत नाही. संपू नये म्हणून आम्ही टाके बारीक घालतो, हे गुपित मी इथे फोडते आहे. दुपारी तीनच्या सुमारास, पोरं झोपून उठली की, आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी पडवीत आम्ही जमतो. सासूबद्दल बोलायचं नाही असा नियम मी केला होता, तो पहिल्याच दिवशी मोडला, आणि मोडणारी मीच. पण तासाभरानं सासू संपते. मग एकीनं सांगितलं की तिला पुन्हा डीएड पूर्ण करायचंय. दुसरीनं विचारलं, बाळंतपणानंतर पाळी कधी येते, आणि यायच्या आधी पुन्हा दिवस राहू शकतात का. राहू शकतात. हे तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

त्या पडवीत एक अवघड गोष्टही झाली. आमच्या शेजारच्या बागेत सुरगाण्याकडचं एक जोडपं सालानं राहतं. बाईला दोन लहान मुलं, झोपडी बागेच्या टोकाला, माणसं सगळी डोंगरापलीकडे. माझं एकटेपण तिच्यापुढे चैनीचं आहे. मला निदान माहेरी फोन करता येतो, तिच्या गावी कधी रेंज असते, कधी नसते. ती पहिल्यांदा पायरीवर बसली. "वर ये" म्हटलं तरी पायरीवरच. घरातून कुणी काही बोललं नाही, पण कुणी बोललं नाही याचंही एक बोलणं असतं. तिची मुलगी मात्र पहिल्या मिनिटालाच गोधडीवर लोळत होती. हळूहळू तीही आत आली, आणि आमच्यात सर्वांत सरळ टाका तिचाच आहे. ऑक्टोबर छाटणी लागली की तीच सर्वांत आधी गळते, कारण तिला मजुरी आहे. खरं तर तेव्हा आमची सगळ्यांचीच बैठक मोडते. द्राक्षाच्या हंगामात कुणाला दुपार नसते. संक्रांतीला पुन्हा तोंड दिसतं.

नवऱ्याबद्दल थोडक्यात. "तुम्ही लक्ष देत नाही" हे वाक्य मी बरेच दिवस वापरलं, त्यानं काही होत नाही, कारण कशाकडे लक्ष द्यायचं हे त्यात नाही. "रात्री आठ ते नऊ पोरं तुमच्याकडे" असं म्हटल्यावर झालं. ह्यांनी विचारलं, "मग त्या तासात तू काय करणार?" मी म्हटलं, काही नाही. हे त्यांना पटायला वेळ लागला. आता मोठीला ते कधी ट्रॅक्टरवर उपबाजारात नेतात. ती घरी येऊन लिलावाची नक्कल करते आणि भावाला बाराशे रुपये क्विंटलनं विकते.

दूरचं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १९६० साली इंग्लंडमध्ये मॉरीन निकोल नावाच्या बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे नव्या ठिकाणी राहायला आल्या होत्या. दोन लहान मुलं, ओळखीचं कुणी नाही. 'गार्डियन' वर्तमानपत्रात उपनगरातल्या कंटाळवाण्या आयुष्यावर बेटी जर्मन यांचा लेख आला, त्यावर निकोलबाईंनी संपादकांना पत्र लिहिलं की घरात अडकलेल्या, पण डोकं चालवायला उत्सुक असलेल्या बायकांची एक नोंदवही करावी, म्हणजे त्या एकमेकींना शोधू शकतील. पत्रांचा पाऊस पडला. त्यातून उभी राहिलेली संघटना अजून चालू आहे. त्यांच्या बैठकांत एक संकेत होता, मुलंबाळं आणि घरकाम यांवर शक्यतो बोलायचं नाही. आमच्या पडवीत हा संकेत एक दिवस टिकणार नाही, पण त्यामागचं कारण मला पुरेपूर कळतं.

आमच्याकडे पत्र लिहायला नको, जागा आधीच बांधलेली आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा शाळेत न येणाऱ्या पोरांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारी योजनेत ती गावोगाव गेली. आज जवळपास प्रत्येक गावात अंगणवाडी आहे, मोठ्या गावांत अनेक आहेत, मळ्यांच्या वस्त्यांवरही आहेत. २०१८ च्या पोषण अभियानापासून तिथे महिन्यातून दोनदा अन्नप्राशन, सुपोषण दिवस असे समुदायाचे कार्यक्रम व्हायचे असतात. आया बाळांना घेऊन येतात, फोटो निघतो, पाकीट मिळतं, आया घरी जातात. त्यातलाच एक तास आयांना एकमेकींशी बोलायला ठेवला तर नवा पैसा लागणार नाही. कागदावर हे कामाचं निमित्त आहेच, म्हणजे सासूची हरकतही मिटली. अंगणवाडी सेविकांवर आधीच नोंदींचं ओझं आहे, हे मला माहीत आहे. म्हणून त्यांनी काही करायचं नाही. फक्त कुलूप उघडं ठेवायचं.

गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेनं याच्याही पुढचं पाऊल टाकून पाहिलं आहे. नैराश्य असलेल्या २८० गरोदर बायकांपैकी निम्म्या जणींकडे गावातल्याच साध्या बायका पाठवल्या, डॉक्टर नव्हे, समुपदेशकही नव्हे. थोडं शिकवून तयार केलेल्या या बायकांना 'सखी' म्हणत. गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्या भेटत राहिल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. सखी भेटलेल्या बायकांत बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण होता, आणि खर्च थोडा होता. आशा, सेविका आणि बचत गटाच्या ताई आपल्याकडे आहेतच, त्यांतल्या कुणाला तरी हे शिकवता येईल. त्याचं मानधन मात्र वेगळं द्यावं लागेल. बायकांची सगळी कामं मायेपोटी फुकट व्हावीत, ही सवय आता मोडायला हवी.

सरकारच्या नजरेत माझ्यासारखी बाई तशीही धड कुठे बसत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनं नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, ५० किंवा त्याहून अधिक माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलं झालं. शेतात आणि घरात राबणारीला रजा देणारा मालक कोण? मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळाला पाच हजार मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. माझं दुसरं बाळ मुलगा, त्यामुळे त्या वेळी शून्य. पैशाचं मी सोडून देते. येत्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी लेखी देणार आहे: अंगणवाडीपुढे सावली आणि बसायला ओटा, मळ्याच्या रस्त्याला चार दिवे, आणि महिन्यातून दोनदा दुपारचा तो तास.

तुमच्या वस्तीवर, तुमच्या बिल्डिंगमध्ये, तुमच्या भावाच्या घरी दोन-चार महिन्यांच्या बाळाची आई असेल तर झबलं घेऊन जाऊ नका, झबली तिच्याकडे खूप झाली आहेत. दुपारी जा. बाळ तुम्ही घ्या, तिला गरम जेवू द्या, आणि बाळ सोडून दुसरं काहीतरी विचारा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.